ओपन वर्ल्ड गेममध्ये सगळं फिरायचं की सरळ स्टोरी संपवायची?

रात्रपाळी_गेमर

विचर ३ खेळतोय, पहिल्यांदाच. ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवं तिथे फिरता येतं असा गेम. गेम २०१५ चा आहे, मी फार उशिरा हातात घेतला. अडचण अशी आहे की मला रोज रात्री जेमतेम तास-दीड तास मिळतो आणि जवळजवळ पन्नास तास मी वेलेन या एका प्रदेशातच काढले, कारण मॅपवर प्रश्नचिन्ह दिसलं की मला ते सोडून पुढे जाववतच नाही, निघालेलो असतो मेन क्वेस्टला (मुख्य कथेतल्या कामगिरीला) आणि वाटेत डावीकडे एक, उजवीकडे दोन असं करत करत तो तास संपून जातो. ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराची क्वेस्ट इतकी जबरदस्त आहे पण मी ती एवढी तुकड्या-तुकड्यांत खेळलो की शेवटाला पोचेपर्यंत आधीचं अर्धं विसरलो होतो. त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग गेला आठवडाभर उलटं करून पाहिलं. फक्त फास्ट ट्रॅव्हल (मॅपवर जागा निवडली की थेट तिथे), या मार्करवरून त्या मार्करवर, म्हणजे पुढे कुठे जायचं ते दाखवणाऱ्या खुणांवर. स्टोरी पळाली, नोव्हिग्राड शहरात पोचलो, पण मधे कुठल्या गावातून गेलो हे आता आठवत नाहीये. तुम्ही लोक हे कसं जमवता? पुढचं काही सांगू नका प्लीज.

नकाशा_बंद

पहिलं काम, ती प्रश्नचिन्हं बंद कर. मी मनापासून सांगतोय, प्रश्नचिन्ह म्हणजे शोध नाहीच, ती दुसऱ्या कुणीतरी आधीच शोधून ठेवलेल्या जागांची यादी आहे आणि तू तिथे जाऊन फक्त हजेरी लावतोयस. पुढे स्केलिगे नावाची बेटं लागतील (एवढं सांगायला हरकत नाही), तिथे समुद्रभर चिन्हं आहेत आणि बहुतेक ठिकाणी तस्करांचा लपवलेला माल, म्हणजे होडी न्यायची, सायरन (जलपऱ्यांसारखे राक्षस) मारायच्या, बुडी मारायची, विकायच्या वस्तू घ्यायच्या, की पुढचं चिन्ह. यातलं एकही नाही केलंस तरी काही बिघडत नाही.

त्यापेक्षा गावातल्या नोटीस बोर्डावरची काँट्रॅक्ट्स (राक्षस मारायची कामं) घे. त्यात माणसं भेटतात, माग काढायचा असतो, राक्षस कुठून आला याला काहीतरी कारण असतं. एका बैठकीत एक काँट्रॅक्ट आरामात होतं, तुझ्या दीड तासाला ते अगदी बरोबर बसतं.

अजून एक, तुझी लेव्हल क्वेस्टच्या लेव्हलपेक्षा सहाने वर गेली की ती क्वेस्ट लॉगमध्ये करडी दिसते आणि एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) नावापुरता मिळतो. म्हणजे सगळं साफ करत बसण्याचा फायदा पण एका मर्यादेनंतर मिळत नाही.

राखेतला_निखारा

वरच्याशी सहमत पण मला वाटतं मूळ प्रश्न वेगळा आहे. शॉर्टकट दोन प्रकारचे असतात, एक आयता मिळालेला आणि एक कमावलेला.

डार्क सोल्स (२०११) ज्यांनी खेळलाय त्यांना ती लिफ्ट आठवत असेल. अनडेड बर्ग नावाच्या गावातून जीव मुठीत धरून वर वर जायचं, कुठे परत मरतोय आणि गोळा केलेले सगळे सोल्स (तिथलं चलन) जातायत अशी धाकधूक, शेवटी चर्चमध्ये पोचायचं आणि तिथे एक लिफ्ट दिसते, खाली उतरलो तर दार उघडतं थेट फायरलिंक श्राइनपाशी! जिथून निघालो होतो तिथेच. इतके तास आपण लांब लांब जातोय असं वाटत होतं आणि खरं तर त्याच जागेच्या डोक्यावर चढत होतो. तो शॉर्टकट आहेच, त्याने पुढचे कितीतरी फेरे वाचतात, पण तो फिरल्यामुळे मिळालाय. आणि त्या गेममध्ये एका बोनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर उडी मारायची सोय साधारण अर्धा गेम झाल्यावर, लॉर्डव्हेसल नावाची वस्तू मिळाल्यावरच येते, तोपर्यंत सगळ्या वाटा पायाखाली आलेल्या असतात. तेव्हा ती सोय हातात आली की मोकळं वाटतं, काही हुकतंय असं वाटत नाही.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) उलट आहे, सुरुवातीपासूनच कुठल्याही सापडलेल्या ग्रेसवर (तिथली विसाव्याची जागा) जाता येतं. तरी तिथे फिरावंसं वाटतं, का? कारण मॅप काही बोलत नाही. मिस्टवूडच्या जंगलात एक साधी पडकी बांधकामासारखी जागा आहे, आत लिफ्ट, ती खाली जातेय, जातेय, जातच राहते, आणि खाली उतरल्यावर जमिनीच्या पोटात तारे भरलेलं आकाश. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. तिथे आधी प्रश्नचिन्ह असतं तर मी "अजून एक झालं" म्हणून पुढे गेलो असतो. आणि तळ्याजवळच्या पडक्या अवशेषांत एक पेटी आहे, उघडली की धूर येतो आणि तुम्ही थेट केलिड नावाच्या दुसऱ्या प्रदेशातल्या एका खाणीत, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल चालत नाही. त्या वीस मिनिटांत मी जेवढा घाबरलो तेवढा कुठल्या बॉसला घाबरलो नाही.

म्हणून माझा नियम असा की जाताना चालत, येताना फास्ट ट्रॅव्हल. नवी जागा पायी, पाहिलेली जागा उडी मारून.

दोन_पिल्लांची_आई

हे सगळं वाचायला छान वाटतं पण मी दुसरी बाजू मांडते. मला आठवड्यात मिळून तीन तास मिळतात. रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) मी दुसऱ्या चॅप्टरमध्ये सोडला, सुरुवातीला फास्ट ट्रॅव्हल जवळपास नाहीच, कॅम्पवर पैसे घालून अपग्रेड घेतल्यावर मॅप मिळतो आणि तोही कॅम्पवरून निघायलाच, तोपर्यंत ट्रेन किंवा घोडागाडी गाठा नाहीतर घोडा दामटा. माझा एक अख्खा रविवार एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात गेला आणि मिशन सुरू व्हायच्या आत पिल्लू उठलं. फास्ट ट्रॅव्हल ही माझ्यासाठी चैन नाही, ती असेल तरच मी खेळू शकते.

मला जमलेला गेम म्हणजे ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७). त्यात जगभर लपवलेल्या ९०० कोरोक बिया आहेत पण सामान ठेवायच्या सगळ्या जागा ४४१ बियांतच पूर्ण वाढतात, म्हणजे उरलेल्या अर्ध्याहून जास्त कुणी गोळा कराव्यात अशी अपेक्षाच नाही, त्या एवढ्याचसाठी पसरल्यात की तुम्ही कुठेही वळलात तरी काहीतरी सापडावं. मला शंभरसुद्धा नाही मिळाल्या. आणि सुरुवातीचं पठार उतरलं की सरळ शेवटच्या लढाईला जायलाही गेम अडवत नाही. मी टॉवरवर चढून जे नजरेला आवडलं तिथे पिन लावायचे आणि त्या दिवशी फक्त तिथेच जायचे. राहिलं ते राहिलं, मला त्याची खंत नाही.

राखेतला_निखारा

@दोन_पिल्लांची_आई पटलं. वेळेचं गणित मी धरलंच नव्हतं. पण रेड डेडबद्दल एक सांगतो, त्यात रस्त्याच्या कडेला साप चावलेला माणूस भेटतो, त्याचं विष काढलं किंवा औषध दिलं तर बऱ्याच दिवसांनी तोच माणूस बंदुकीच्या दुकानाबाहेर दिसतो आणि म्हणतो, आत जा, हवं ते घे, पैसे मी देतो. उडी मारत गेलं तर त्यातलं काहीच भेटत नाही, म्हणून तो गेम तसा संथ आहे. तुमच्या तीन तासांत तो बसत नाही हेही तितकंच खरं.

जुनी_वाट

मॉरोविंड (२००२) कुणी खेळलंय का? त्यात क्वेस्ट मार्करच नव्हता. पुलापाशी उजवीकडे वळ, मग टेकडी ओलांड, असं माणसं तोंडी सांगायची आणि ते जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. फास्ट ट्रॅव्हल मात्र होता! सिल्ट स्ट्रायडर नावाच्या अवाढव्य किड्यावर बसून ठरावीक गावांना जायचं, होड्या होत्या, मेजेस गिल्डची (जादूगारांच्या संघाची) माणसं दुसऱ्या गिल्डमध्ये पोचवायची, आणि मार्क-रिकॉल हे मंत्र, म्हणजे जागा खुणावून ठेवायची आणि नंतर तिथे परत यायचं. कुठून काय पकडायचं हे डोक्यात बसायला लागायचं, त्यामुळे शॉर्टकट वापरूनसुद्धा तो मुलुख ओळखीचा व्हायचा. स्कायरिममध्ये (२०११) मार्कर बंद करता येतो पण मग जर्नलमध्ये पत्ताच नसतो, "अमुक वस्तू आण" एवढंच, कुठून ते कोण सांगणार? तेव्हा माझ्या मते नुकसान फास्ट ट्रॅव्हलने कमी आणि मार्करने जास्त केलंय. मार्कर असला की डोळे मॅपच्या कोपऱ्यात आणि समोरचं जग नुसतं मधलं अंतर.

@रात्रपाळी_गेमर विचरमध्ये मिनिमॅपसुद्धा (कोपऱ्यातला छोटा मॅप) बंद करून बघ, फास्ट ट्रॅव्हल तिथे रस्त्यावरच्या पाट्यांपाशीच चालतो, तेवढा राहू दे.

रात्रपाळी_गेमर

सगळ्यांचे आभार. काल प्रश्नचिन्हं आणि मिनिमॅप दोन्ही बंद केले आणि मुद्दाम वेलेनला परत गेलो. फाशीच्या झाडापासून बॅरनच्या क्रोज पर्च किल्ल्यापर्यंत घोड्यावरून, रस्ता बघत. पहिली दहा मिनिटं चुकलो आणि सारखं मॅप उघडत होतो. नंतर पाऊस आला, एक पडकं गाव लागलं जिथे मी आधी नक्की येऊन गेलोय कारण पेट्या रिकाम्या होत्या, पण ते गाव मी काल पहिल्यांदा पाहिलं. आज एक काँट्रॅक्ट करून थांबणार. एकच विचारायचंय, साइड क्वेस्ट अर्धवट सोडून पुढे गेलो तर कायमच्या जातात का?

नकाशा_बंद

काही जातात. काय घडतं ते सांगत नाही, पण धुक्याच्या बेटावर, म्हणजे आइल ऑफ मिस्ट्सला जायची वेळ येईल तेव्हा काही क्वेस्ट फेल होतील असा इशारा गेम स्वतःच देतो. तिथे थांब, वेगळा सेव्ह कर, आणि ज्या माणसांशी तुझी ओळख झालीये त्यांच्या क्वेस्ट आधी पूर्ण कर. तस्करांचा माल राहू दे.