डाबला गोठलेलं दव बघायचंय, पहाटे कुठून फिरावं?

प्रश्न: जानेवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या पाड्यांमधून पायी फिरायचंय. पांढरं झालेलं दव नेमकं कुठे दिसतं? पारा शून्याखाली जावाच लागतो का?

सातपुडा_वाट: नाही, भाऊ. हा बर्फ वरून पडत नाही, जागेवरच धरतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत ओल असली की जमीन रात्रभर उष्णता वर सोडते. त्यामुळे डोक्याच्या उंचीवर ३-४ अंश असतानाही गवताचं पातं शून्याखाली जातं. थंड हवा जड, ती उताराने ओघळून खोलगटात साचते. म्हणून टेकडी सोडा, नाल्याकाठची सखल शेतं धरा. गवत, चाऱ्याची गंजी, गाडीचा टप हे आधी बघा. झाडाखाली शोधू नका, फांद्या उष्णता अडवतात. रात्री ढग आले तर बेत रद्द करा.

पहाटपायी: सूर्योदय ७:१० च्या आसपास. साडेसहाला निघा, ऊन लागलं की थोड्याच वेळात सगळं पाणी होतं.

शेतबांध: एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे. आत सुती बनियन नको, घामाने भिजून गार पडतं. जादा मोजे घ्या. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. आणि कृपा करून बांधावरूनच चाला! गोठलेल्या हरभऱ्यावर पाय पडला की पानं मोडतात, ऊन चढल्यावर काळी पडतात. अंगणातून जायचं तर आधी विचारा.

प्रश्नकर्ता: सातपुड्यातल्याच तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणीही हेच लागू?

सातपुडा_वाट: हो, तिथेही उघडी, सखल गवताळ जागाच बघा.