फोर-लोमध्ये टाकलेली कोमांची चढावर आपोआप सुटते

बर्फवाट (सिरॅक्यूज, न्यूयॉर्क):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९० सालची जीप कोमांची पिकअप आहे. ४.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, एनपी २३१ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). आधीच्या मालकाने गाडी तीन इंच उचलून घेतलेली आहे.

टू-हाय (फक्त मागची चाकं) आणि फोर-हाय (चारही चाकं) नीट लागतात. फोर-लोला (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) मात्र लिव्हर मागे ओढला की शेवटचा खटका लागतच नाही, लिव्हर खाचेच्या कडेला टेकून थांबतो. सपाटीवर गाडी चालते. पण सरपण भरून घरामागचा चढ चढायला लागले की मध्येच करकर आवाज होतो, लिव्हर पुढे सरकतो आणि गाडी सुटते. इंजिन नुसतं ओरडतं आणि मला ब्रेक दाबून धरावा लागतो. फार भीती वाटते.

गॅरेजमध्ये दाखवली तर गाडी वर न घेताच 'केस उतरवून आतलं काम करावं लागेल' म्हणाले. तेवढे पैसे घालायच्या आधी मी स्वतः खाली शिरून पाहिलं. लिव्हरपासून केसपर्यंतच्या रॉडवर गंज आहे, आणि गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरच्या (गिअरबॉक्सला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीच्या) बोल्टांवर दोन्ही बाजूंना इंचभर उंचीचे नळीचे तुकडे घातलेत. आणखी काय बघू?

सीजे-नाशिक:

ताई, आमच्या जुन्या महिंद्रा सीजे ३बी ला केसवरच दोन दांडे आहेत, एक पुढच्या ॲक्सलचा, एक हाय-लोचा. लो सुटायला लागला की आमचे मिस्त्री आधी दांड्यांची पिन झिजली का बघतात, मग खटक्याची गोळी आणि स्प्रिंग. तुमच्याकडेही स्प्रिंगच गेली असेल.

लालतेल (मिशिगन):

नाशिककरांचं त्यांच्या जीपपुरतं अगदी बरोबर आहे. तिथे दांडा थेट केसवर उभा असतो. कोमांचीत लिव्हर बसलाय बॉडीच्या पत्र्यावर आणि केस लटकतेय इंजिन-गिअरबॉक्सबरोबर रबरी माउंटिंगवर. दोन्ही आपापले हलतात, आणि मधला रॉड त्यांना सांभाळून घेतो. त्यामुळे या गाडीत संशय आधी रॉडवर घ्यायचा, केसच्या पोटावर नाही.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते नळीचे तुकडे. गाडी उचलली की मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा (केसपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचा) कोन वाढतो आणि थरथर येते, म्हणून क्रॉसमेंबर खाली घेऊन केस खाली आणतात. पण केस खाली आली की लिव्हर आणि केसमधलं अंतर बदलतं. रॉड पुन्हा जुळवला नाही, तर एका टोकाला चाल कमी पडते. तुमच्याकडे ती फोर-लोला कमी पडतेय. दात अर्धवटच एकमेकांत बसतात आणि लोड आला की बाहेर ढकलले जातात. रॉड जुळेपर्यंत त्या चढावर लो वापरू नका. दातांचे कोपरे गोल झाले की मग खरंच केस उघडावी लागेल.

आधी एक परीक्षा करा, पैसा लागत नाही. सपाट जागा, हँडब्रेक पक्का, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. हे मी कळकळीने सांगतोय: ट्रान्सफर केस न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती घरंगळते, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच उरत नाही. तुम्ही खाली असताना लिव्हर न्यूट्रलमधून जाणारच आहे.

केसच्या डाव्या बाजूला छोटा लिव्हर आहे. त्याच्यापासून रॉड सोडवा आणि तो लिव्हर हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल, फोर-लो, चारही खटके हाताला स्वच्छ लागायला हवेत. कुठे अडला तर ठोकू नका, दातावर दात आला असेल. बाहेर या, गाडी वीतभर पुढे-मागे घ्या, पुन्हा ओंडके लावा आणि मग बघा. शेवटी हातानेच फोर-लो पूर्ण लावा, सुटा रॉड एक्झॉस्टपासून लांब तारेने बांधा आणि गाडी रिकामी असताना चढावर हळू घेऊन बघा. टिकली तर केस ठणठणीत, दोष रॉडचा. तरीही सुटली तर आतला फोर्क (दात सरकवणारा काटा) किंवा त्याचे पॅड झिजलेत, मग गॅरेजवाल्यांचं बरोबर.

दोष रॉडचा निघाला, तर रॉड ज्या छोट्या फिरत्या ठोकळ्यातून जातो त्याचा लॉक-बोल्ट ढिला करा. तो गंजून बसलेला असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा कोनांचा सॉकेट वापरा, नाहीतर डोकं गोल होतं. रॉड तारेच्या ब्रशने घासा, ठोकळ्यात सहज सरकला पाहिजे. मग केसचा लिव्हर पूर्ण फोर-लोला, गाडीतला लिव्हरही फोर-लोला, पण खाचेच्या कडेला न टेकता, आणि बोल्ट आवळा. मग टू-हायला जाऊन तिकडचा खटकाही पूर्ण लागतो का पाहा.

हात तिथे आहेच तर रॉडच्या ब्रॅकेटचे प्लॅस्टिक बुशही बघा. गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पहार घालून हलकेच उचला. रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं तर आधी माउंटिंग बदला, कारण फाटक्या माउंटिंगवर जुळवलेला रॉड टिकत नाही.

बर्फवाट:

रॉड सोडवून हाताने फिरवला तर लिव्हर चांगला बोटभर पुढे गेला आणि 'टक्' करून बसला! तो आवाज मी या गाडीत प्रथमच ऐकला. चढावरही टिकला. माउंटिंग शाबूत आहे, एक बुश मात्र चुरा झालाय, तो मागवलाय. रॉड जुळवून सरपणासकट चढ चढले, लिव्हर जागचा हलला नाही. लालतेल, मनापासून आभार.

एकच शंका. फोर-हायमध्ये बर्फात मागची चाकं फिरतात, पण पुढून ओढ जाणवत नाही. हेही रॉडचंच का?

लालतेल:

छान झालं! लोला टाकताना गाडी ताशी २-३ मैलांवर सरकती ठेवा आणि क्लच दाबून लिव्हर एका दमात ओढा. पूर्ण उभ्या गाडीत दात अडतात.

ओढीचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या सालच्या पुढच्या डाना ३० ॲक्सलमध्ये उजव्या बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा फोर्क ते जोडतो. बर्फावर इंजिन चालू ठेवून फोर-हाय लावा आणि गाडी थोडी पुढे न्या. मग इंजिन बंद करून गिअर घाला, मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या आणि डावं चाक हाताने फिरवा. उजवं उलट दिशेला फिरलं तर जोड लागलाय. स्वस्थ राहिलं तर केसवरच्या व्हॅक्यूम स्विचपासून ॲक्सलपर्यंतच्या बारीक नळ्या तपासा. इतक्या वर्षांत त्या कडक होऊन तडकतात.

डावं चाक फिरलंच नाही तर जोर करू नका, तसं लिहा.