मदत हवी आहे : अर्धवट राहिलेली १९६७ ची फियाट ११०० पूर्ण करून देणारे खात्रीचे गॅरेज

नमस्कार.

मी अंबाजोगाईला राहतो. माझ्या वडिलांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट सध्या आमच्या वाड्यातल्या शेडमध्ये उभी आहे. तिच्या अंगावर फक्त प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, आहे, दारे भिंतीला टेकवून ठेवली आहेत आणि निम्मे सामान खोक्यांत भरलेले आहे. उरलेले काम विश्वासाने सोपवता येईल असे गॅरेज मराठवाड्यात, किंवा इथून गाडी टेम्पोत घालून नेता येईल अशा ठिकाणी, कोणाला माहीत असेल तर कृपया कळवावे.

वडील डॉक्टर होते. केज, धारूर, रेणापूर या भागातल्या खेड्यांत रात्री-अपरात्री रुग्ण पाहायला ते याच गाडीने जात, आणि गाडी पोहोचेल तिथपर्यंत नेऊन पुढे बैलगाडीने किंवा पायी जात. १९९४ नंतर गाडी रस्त्यावर आली नाही. ते गेल्यावर ती विकायची नाही, पूर्ववत करायची, असे आम्ही भावंडांनी ठरवले आणि २०१९ मध्ये ती एका गॅरेजला दिली. त्या गॅरेजचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण मला वाद नको, मार्ग हवा आहे. परंतु तिथे काय घडले ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या माणसाला नेमके तेच निस्तरायचे आहे.

पहिल्या वर्षी काम चांगले झाले. १०८९ सीसीचे इंजिन खोलून सिलिंडर रिबोअर केले, ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड करून नवे बेअरिंग बसवले आणि हेडचे फेसिंग करून व्हॉल्व बसवले. हे लेथचे काम मी स्वतः समोर उभे राहून पाहिले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर मात्र मुख्य मिस्त्री सोडून गेले, आगाऊ घेतलेले पैसे दुसरीकडे खर्च झाले आणि गाडी तीन पावसाळे त्या गॅरेजच्या उघड्या अंगणात राहिली. प्रायमर हा रंग नव्हे. तो ओल शोषून घेतो आणि त्यावर वेळेत रंग चढला नाही तर आतून गंज धरतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. आज बॉनेटवर आणि डिकीच्या कडेला बोट फिरवले की प्रायमरखाली बारीक फोड लागतात. म्हणजे पुढच्या पेंटरला हा सगळा थर पत्र्यापर्यंत काढावा लागेल. हे काम दोनदा होणार आणि त्याचे पैसे दोनदा जाणार, हे मी मान्य केले आहे.

खरी अडचण दारांची आहे. या गाडीला जीप किंवा ट्रकप्रमाणे वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे आणि दारांखालून जाणाऱ्या पेटीसारख्या लांब पट्ट्या तिचा भार पेलतात. आमच्या गाडीच्या त्या पट्ट्या गंजल्या होत्या, म्हणून त्या कापून नव्या जोडल्या. पण कापताना मधल्या भागाला खालून आधार दिला नाही, आणि दारे जागेवर असताना वेल्डिंग करण्याऐवजी ती काढून ठेवून केले. परिणाम असा झाला की गाडी मधोमध किंचित खचली. ड्रायव्हरच्या बाजूचे दार आता बसवले तर मागच्या खांबाजवळची फट वर जवळजवळ मिटते आणि खाली बोट शिरेल एवढी उघडी राहते.

गेल्या वर्षभरात मी चार ठिकाणी ही गाडी दाखवली किंवा तिची छायाचित्रे पाठवली. तीन ठिकाणी एकच उत्तर मिळाले, की दाराची कड वरून घासू, खाली पुट्टी भरू, रंग चढला की काही दिसणार नाही. चौथ्या ठिकाणच्या वयस्कर डेंटरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्या मिस्त्रीने, मात्र खाली वाकून वेल्डिंगची रेषा पाहिली आणि सांगितले की पट्टीचे जोड पुन्हा उघडावे लागतील, गाडी मधून जॅकवर उचलून दारे बिजागरीवर चढवावी लागतील, सगळीकडची फट सारखी झाली की वेल्डिंगचे तुटक टाके मारावे लागतील आणि मगच पूर्ण वेल्डिंग करता येईल. दुर्दैवाने त्यांच्याकडे आता मोठे काम घेण्याइतकी माणसे नाहीत. मला असा माणूस हवा आहे, जो दाराची फट पाहून आधी पट्टीकडे जाईल.

एक विनंती आहे. नाव सुचवताना त्या गॅरेजने चार-पाच वर्षांपूर्वी केलेली एखादी गाडी आज कशी आहे, हे ठाऊक असेल तर आवर्जून लिहावे. नुकतीच रंगवलेली प्रत्येक गाडी सुंदर दिसते. पुट्टीखाली झाकलेला गंज दोन-तीन पावसाळ्यांनी फुगून वर येतो. शक्य झाल्यास मी अशी गाडी स्वतः येऊन पाहीन, आणि मालकांची हरकत नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावरून फिरवून पाहीन. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. इंजिन बांधल्यापासून एकदाही सुरू झालेले नाही, त्यामुळे प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कोणी त्याला स्टार्टर लावू नये, अशी माझी अट आहे. ब्रेकचे मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांतले सिलिंडर नव्या रबरांसह करायचे आहेत. स्टेअरिंगलगतच्या हातगिअरचे बुश झिजले आहेत. वायरिंग पूर्ण नवे करावे लागेल. काचांचे रबर बीडिंग अजून मिळालेले नाही. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या गाडीचे सुटे भाग तिथे सहज मिळत, कारण पद्मिनी ही याच फियाटची पुढची आवृत्ती होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. कुर्ल्याच्या कबाडी बाजारात अजून कोणाकडे साठा असल्यास दुकान सांगावे.

बंपरबद्दलही विचारायचे आहे. क्रोम टिकायला त्याखाली तांब्याचा आणि निकेलचा थर नीट बसावा लागतो, पण आमच्या भागातले काम वर्षभरात सुटते असा अनुभव आहे. वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग करणारे कारखाने आहेत, परंतु दोन बंपर आणि एक जाळी एवढ्या किरकोळ कामासाठी त्यांच्यापैकी कोणी दार उघडते का, हे तिथे नोकरी करणारे सदस्य सांगू शकतील.

व्यवहाराविषयी माझी अपेक्षा स्पष्ट आहे. खोक्यांतल्या प्रत्येक वस्तूची यादी दोघांच्या सह्यांनिशी व्हावी; पत्रा, रंग, जोडणी असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा अंदाज लिहून मिळावा; मी मालाचे पैसे आधी देईन आणि मजुरी टप्पा पूर्ण झाल्यावर देईन. वेळ जास्त लागला तरी चालेल. ज्याला हे लिहून देणे अपमानाचे वाटते त्याच्याशी माझे जमणार नाही, कारण मागच्या वेळी तोंडी शब्दावर मी पाच वर्षे घालवली आहेत.

नंतरची भर :

उत्तरे देणाऱ्या सर्वांचा मी आभारी आहे. दोघांनी आपुलकीने सुचवले आहे की जुने इंजिन काढून मारुतीचे किंवा डिझेल इंजिन बसवावे, गाडी रोज वापरता येईल. मला ते करायचे नाही, आणि त्याला नियमांचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना व्हिंटेज दर्जा दिला, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेले वाहन त्यात बसत नाही. व्हिंटेज नोंदणी घ्यायची की नाही हे मी अजून ठरवलेले नाही, कारण त्या नोंदणीची गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. आई ८१ वर्षांची आहे आणि तिला या गाडीतून योगेश्वरीच्या दर्शनाला जायचे आहे. म्हणून आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर आणि फॉर्म २५ भरून जुन्याच क्रमांकाने नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा विचार आहे. त्या तपासणीत अधिकारी बॉडीच्या पत्र्यावरच ठोकलेल्या चासी क्रमांकाची पेन्सिलने छाप घेतात, तेव्हा रंग काढताना आणि चढवताना तो क्रमांक घासला किंवा बुजला जाणार नाही याची काळजी घेणारा पेंटरच मला लागेल.

ज्यांनी नांदेड आणि सोलापूरची एकेक जागा सुचवली आहे, त्यांना मी व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. तिथे आधी गाडी नेणार नाही. दाराच्या फटीची आणि पट्टीच्या जोडांची जवळून घेतलेली छायाचित्रे घेऊन जाणार आहे. वेल्डिंग आणि प्रायमर काढण्याचे काम मृगाच्या आधी सुरू व्हावे अशी इच्छा आहे, तेव्हा आणखी कोणाला नाव सुचवायचे असेल तर पुढच्या पंधरा दिवसांत सुचवल्यास मी त्याच फेरीत तिथेही जाऊन येईन.