हृदय प्रत्यारोपणानंतर बायोप्सीऐवजी रक्ततपासणी: डॉक्टरांना काय विचारावं?

रानजाई
माझ्या मोठ्या भावाचं हृदय प्रत्यारोपण होऊन वर्ष होत आलं. तब्येत छान आहे. पण मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचे कण काढतात, त्या बायोप्सीचा त्याने आता धसकाच घेतलाय. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले की यापुढे काही बायोप्सी रक्ततपासणीवर टाळता येतील. घरी येऊन वाचायला बसले तर नावांचा नुसता गोंधळ. दात्याचा डीएनए, जनुकांचा स्कोअर, ट्रोपोनिन, बीएनपी, डीएसए. यातलं काय कशासाठी असतं? पुढच्या भेटीत काय विचारू? दादा स्वतः काही विचारत नाही, "तूच बघ" म्हणतो.

ओसरी
एवढ्या महागड्या नावांच्या मागे कशाला लागता? ट्रोपोनिन करा दर महिन्याला. हृदयाला इजा झाली की ते वाढतंच. आमच्या सासऱ्यांचा अटॅक त्यावरूनच कळला होता.

पाणपोई
ओसरी, अटॅक वेगळा आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नव्या हृदयावर केलेला हल्ला, वेगळं. बायोप्सी त्या रिजेक्शनसाठीच करतात. रिजेक्शन सौम्य असेल तर ट्रोपोनिन जागचं हलतही नाही. उलट किडनी मंदावली की ते उगाच वर राहतं, आणि रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधामुळे किडनीवर ताण तर अनेकांना येतो. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या बीएनपीचंही तसंच. नवं हृदय उत्तम चालत असलं तरी बीएनपी बरेच महिने चढं असतं. त्यामुळे एकटा आकडा बघून काही ठरवू नये. आधीच्या आकड्यांपेक्षा अचानक उडी मारली का, ते बघायचं.

रानजाई, मी प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या फॉलो-अपचं काम बघते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

दात्याच्या डीएनएची तपासणी समजायला सोपी आहे. पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. दादाच्या रक्तातले बहुतेक तुकडे त्याचे स्वतःचेच, पण थोडे नव्या हृदयाचे, म्हणजे दात्याचे. हृदयाला इजा व्हायला लागली की हा वाटा वाढतो. अमेरिकेतल्या 'ग्राफ्ट' नावाच्या अभ्यासात (2021) 0.25 टक्के ही रेषा धरली होती. आकडा तिच्याखाली असेल तर त्या वेळी लक्षणीय रिजेक्शन नसण्याची खात्री 99 टक्के निघाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्यांच्या रेषा वेगळ्या असतात, कुठे 0.15, कुठे 0.12, म्हणून दोन चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना हा आकडा तसाही वरच असतो. तुमचा तो काळ सरलाय.

मात्र ही तपासणी "नाही" सांगण्यात पक्की आणि "हो" सांगण्यात कच्ची आहे. आकडा वाढला म्हणजे रिजेक्शनच, असं नाही. मग बायोप्सी करावीच लागते. दादाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "सुटलो म्हणाला होतात" असं ऐकून घ्यावं लागेल.

जनुकांचा स्कोअर हा दात्याच्या हृदयाचा नसून दादाच्या पांढऱ्या पेशींचा असतो. त्या पेशी हल्ला करायच्या तयारीत आहेत का, याचा अंदाज 20 जनुकांवरून घेतात आणि 0 ते 40 मध्ये आकडा देतात. 2010 च्या 'इमेज' अभ्यासात 602 रुग्ण होते, प्रत्यारोपणाला सहा महिने ते पाच वर्षं झालेले. ज्यांची या स्कोअरवर देखरेख ठेवली त्यांच्या बायोप्सी खूपच कमी झाल्या, आणि त्यांची प्रकृती इतरांपेक्षा बिघडली नाही. पण ते सगळे कमी जोखमीचे रुग्ण होते, हे विसरू नका. स्टेरॉइडचा डोस मोठा असेल तर स्कोअरवर विसंबता येत नाही. आणि अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन त्यातून निसटतं. त्यासाठीच डीएसए, म्हणजे दात्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी आहेत का, हे वेगळं बघतात.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: दादा कमी जोखमीत मोडतो का? पूर्वी मोठं रिजेक्शन झालंय का, डीएसए आहेत का, यावर ते ठरतं. मोडत नसेल तर बाकीची चर्चा पुढे ढकललेली बरी. मोडत असेल तर आकडा कितीच्या वर गेला की तुम्ही बायोप्सी कराल, हे आधीच विचारून घ्या.

उंबरठा
पाणपोई, छान लिहिलंत. मी स्वतः प्रत्यारोपित हृदयावर जगतोय, म्हणून एक भर. या सगळ्या झगमगाटात टॅक्रोलिमसची लेव्हल मागे पडू नये. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, गोळी सोबत न्यायची. गोळी खाऊन गेलात तर आकडा फुगतो आणि विनाकारण डोस कमी होतो. जुलाब लागले, बुरशीवरचं औषध किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं तर लेव्हल चढते. रिफाम्पिसिनने धाडकन पडते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने काही लिहून दिलं तर आधी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन.

आणि अँजिओग्राफी रक्ततपासणीने टळत नाही बरं. नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी बहुतेकांच्या छातीत दुखत नाही.

ओसरी
हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. डीएसए केली होती, त्यात काही निघालं नव्हतं. पुढची बायोप्सी ठरलेली आहेच. त्याच दिवशी दात्याच्या डीएनएचं रक्त दिलं तर चालेल का? एक खेप वाचेल.

पाणपोई
चालेल, पण बायोप्सीच्या आधी. कण काढताना हृदयाला जी इजा होते तिच्यामुळेही दात्याचा डीएनए रक्तात येतो. आणि नमुना त्या तपासणीसाठीच्या खास ट्यूबमध्येच घेतलाय ना, ते बघा. साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं तर दादाच्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्याचा स्वतःचा डीएनए वाढतो आणि दात्याचा टक्का खोटाच कमी दिसतो.