१९६९-एस सेंट: आधी मिंटमार्क बघा
तुमच्या १९६९ च्या अमेरिकन सेंटवर साल आणि खालचा एस (मिंटमार्क, म्हणजे टांकसाळीचं अक्षर) दोन्ही दुहेरी दिसतायत म्हणताय ना, मग माझ्या मते ते मशीन डबलिंगच आहे (नाणं ठोकताना झालेलं दुहेरीपण), खरा डबल्ड डाय नाही, कारण त्या काळी मिंटमार्क प्रत्येक वर्किंग डायवर (नाणी ठोकायच्या साच्यावर) नंतर वेगळा हाताने ठोकायचे, त्यामुळे खऱ्या डबल्ड डायमध्ये (म्हणजे साच्यावरच ठसा दुहेरी उमटलेला असतो तेव्हा) लिबर्टी हा शब्द, मोटो म्हणजे बोधवाक्य, साल दुहेरी पण एस एकेरीच. आणि भिंगाखाली कडा नक्की बघा. मशीन डबलिंगमध्ये ठसा उमटता उमटता डाय जरासा सरकतो आणि अक्षराचीच कड चेपून सपाट, चकचकीत पायरी होते, म्हणजे अक्षर बारीक होतं. डबल्ड डायमध्ये उलट, अक्षर रुंद, गोलसर, टोकांना खाच पडलेली. १९५५ च्या प्रसिद्ध सेंटचे मोठे फोटो शेजारी ठेवून बघा, त्यात तर नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दोन सालं दिसतात.