साडेतीन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात किडलेत, खाण्यात नेमकं काय चुकतंय? (मदत हवी आहे)

मृण्मयी_चिंचवड

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची वेळ आज आली.

मुलगा साडेतीन वर्षांचा. दिवाळीच्या सुमारास वरच्या पुढच्या दोन दातांवर, हिरडीलगत, पांढरट पट्टा दिसला. दूध चिकटलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसला, गेला नाही. नंतर तो पिवळा झाला, मग तपकिरी, आणि गेल्या आठवड्यात चकली तोडताना एका दाताचा टवका उडाला. बालदंतवैद्यांनी एक्स-रे काढले. वरचे चारही पुढचे दात किडलेत, त्यातल्या दोघांची कीड नसेपर्यंत पोचलीय, दोन दाढांत सुरुवात आहे. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ! पोरगं खुर्चीत बसतच नाही, म्हणून पूर्ण भूल देऊन सगळं एकदमच करू असं ते म्हणाले.

आमच्याकडे चॉकलेट जवळजवळ येतच नाही. कोल्ड्रिंक नाही, वेफर्स नाहीत. खाण्यात गूळ, नाहीतर मध. आम्ही दोघं कामावर, दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. त्या मनापासून करतात, सगळं घरचं देतात. त्यांचं म्हणणं, दुधाचे दात पडणारच आहेत, एवढ्याशा जिवाला भूल कशाला. नवरा म्हणतो, आमच्या घराण्यातच दात कच्चे.

खाण्यात काय बदलू? भूल द्यावी का? आणि सासूबाईंना दुखावल्याशिवाय हे सांगू कसं?

कंदीपेढा

रात्रीची बाटली चालू आहे का गं? खालचे स्वच्छ म्हणालीस म्हणून विचारते. माझ्या धाकटीचं अस्संच झालं होतं.

मृण्मयी_चिंचवड

हो. झोपताना एक, पहाटे दोनच्या सुमारास एक. दुधात चॉकलेटी पावडर आणि वर चमचाभर साखर घालते, नाहीतर तोंड लावत नाही. पण ते दूधच ना?

अक्कलदाढ

मी बालदंतवैद्य आहे. मूल न पाहता उपचार सांगणार नाही, पण कारण सांगू शकते. कंदीपेढा यांनी बरोबर नस पकडली.

बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर झाकणासारखी बसते, आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच उघडतात. दूध साचतं ते वरच्या पुढच्या दातांभोवती. जागेपणी लाळ ते धुऊन काढते, झोपेत लाळ जवळजवळ आटते. साधं दूध त्यातल्या त्यात कमी त्रासदायक, पण तुमचं दूध साधं नाहीच. त्यात साखर आहे, आणि पावडरीतही साखरच असते, पुड्यावरचे घटक वाचा. दात न घासता रात्रभर साखरपाण्यात ठेवले, असा त्याचा अर्थ.

'कीड' म्हणजे अळी नव्हे, हेही सांगते, कारण अजून लोक मला ती काढून दाखवा म्हणतात. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच दातावरचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि वरच्या कवचातले क्षार सुटू लागतात. लाळेला ते परत जागेवर आणायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही तोंडात पडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून मी आयांना 'किती गोड' हे नंतर विचारते, आधी विचारते 'किती वेळा'. गूळ, मध, साखर यांत जंतू भेदभाव करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा घातली त्यातही मध आणि फळांचा रस साखरेतच धरलेत.

एक काम करा. उद्या सुट्टी असेल तर दिवसभरात त्याच्या तोंडात जे जे गेलं ते वेळेसकट लिहा. सासूबाईंना सांगून लिहा, चोरून नको.

उसाचा_फड

हे सगळं शहरी खूळ आहे. आम्ही गुऱ्हाळावर काकवी प्यायलो, ऊस दाताने सोलला, गुळाचे खडे खिशात असायचे. सत्तरी आली, दात शाबूत. आता पोराला पेरू द्यायचा तरी डॉक्टरला विचारतात.

अक्कलदाढ

काका, गुऱ्हाळ वर्षातून किती दिवस? आणि तुम्हाला दर तासाला बिस्कीट कोण आणून देत होतं? उरलेला वेळ भाकरी खात होतात, म्हणून दात वाचले. पेरू अवश्य द्या, त्याला माझी ना नाही.

गोथेनबर्गचा_गणपत्या

'किती वेळा' यावरून आठवलं. हे स्वीडनमध्ये माणसांवर तपासून पाहिलंय, आणि ती गोष्ट तशी लाजिरवाणी आहे. लुंड शहरात विपेहोल्म नावाची मतिमंद रुग्णांची संस्था होती. १९४७ पासून तिथल्या रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड खायला दिलं, त्यांच्या संमतीचा प्रश्नच कुणी काढला नाही. जेवणाबरोबर गोड खाल्लेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी चघळणाऱ्यांच्या दातांची मात्र वाट लागली. त्यातूनच इथे पुढे 'लॉर्डाग्सगोडिस' म्हणजे शनिवारचा खाऊ ही पद्धत रुजली. माझ्या मुली आठवडाभर मागत नाहीत, पण शनिवारी सकाळी सहाला उठून बसतात. :)

मृण्मयी_चिंचवड

लिहिलं. सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या, मी टिपत होते. जसंच्या तसं देते.

७.०० दूध, बाटलीत
८.३० उपमा
९.३० मनुका ('रक्त वाढतं')
१०.३० दोन ग्लुकोज बिस्किटं, कावळ्याला दाखवत दाखवत
११.३० खजूर
१२.४५ वरणभात
१.३० झोपताना बाटली
४.०० दुधात बुडवून टोस्ट
५.३० बागेत राजगिऱ्याचा लाडू
६.१५ शेजारच्या काकूंकडून एक गोळी (मला आजच कळलं)
७.०० देवापुढची खडीसाखर, शुभंकरोतीचं बक्षीस
८.३० पोळी-गूळ-तूप
१०.०० बाटली
२.०० बाटली

चौदा. मोजून झाल्यावर आम्ही दोघी गप्पच बसलो. 'चॉकलेट देत नाही' म्हणून मी इतके दिवस मिरवत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पण यातलं वाईट काय आहे?" आणि खरंच, एकेक वेगळं घेतलं तर काहीच वाईट नाही.

अक्कलदाढ

नाहीच आहे. म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. मनुका-खजूर बंद करू नका, उपम्याबरोबर किंवा जेवणात द्या, म्हणजे एका वेळेचं काम एका वेळेत होईल. राजगिऱ्याचा लाडू जेवणानंतर लगेच. मधल्या वेळेला दोनदा काहीतरी हवंच, तेव्हा पनीरचा तुकडा, काकडी, ढोकळा, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते. (फुटाणे-शेंगदाणे दाताला उत्तम, पण या वयात अख्खे नको, घशात अडकतात. कूट करून द्या.) बिस्कीट आणि टोस्ट मात्र मला गोळीपेक्षा जास्त छळतात. मैदा आणि साखर भिजून दाढांच्या खाचांत लापशीसारखी बसून राहते, आणि आईला वाटतं बाळाने 'हलकं' खाल्लं.

औषधाची सिरपंही गोड असतात. झोपण्याआधीचा डोस ब्रश करण्यापूर्वी द्या.

ब्रश रात्री तुम्ही करायचा, त्याने नाही. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएम आहे का बघा, लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते कमी असतं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर मटारच्या दाण्याएवढी. थुंकायचं, खळखळून चूळ नाही. त्यानंतर फक्त पाणी.

'पडणारच आहेत' याबद्दल. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतील, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्यांना जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती यायला कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना कळतच नाही की ही आता जन्मभराची.

भुलीबद्दल: इतक्या लहान मुलाचे इतके दात असतील तर हा सल्ला वावगा नाही. तरी दुसरं मत घ्या. दाढांची सुरुवातच असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवता येईल का, विचारा. त्याने ती जागा काळी पडते, तेवढी तयारी ठेवा. नसेपर्यंत गेलेल्या दोन दातांना ते चालणार नाही.

वणीकर

जरा विषयांतर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, तसंच चंद्रपूर-नांदेडकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पोरांच्या कायमच्या दातांवर तपकिरी डाग येतात, ती कीड नव्हे. तिकडच्यांनी आधी पाणी तपासून घ्यावं. चिंचवडला धरणाचं पाणी, तुम्हाला ही चिंता नसावी.

नऊवारी_आजी

मी सासूच्या बाजूने लिहिते. तिला घरी समजावू नकोस, दवाखान्यात सोबत ने. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून दाखवला की आम्हाला चटकन कळतं. सुनेने कागद वाचून दाखवला की आम्हाला फक्त चूक काढल्याचं कळतं. आणि शुभंकरोतीला खडीसाखरेऐवजी घंटा वाजवायला दे. आमच्या नातवाला तीच जास्त आवडते.

मृण्मयी_चिंचवड

दहा दिवसांनी लिहितेय. आजी, तुमचं ऐकलं. सासूबाई दवाखान्यात आल्या, एक्स-रे स्वतः हातात घेऊन पाहिला, आणि रिक्षात बसल्याबरोबर म्हणाल्या, "त्या काकूला मी सांगते गोळीचं." घंटेने शेजारी वैतागलेत, पण चालू आहे.

कंदीपेढा, तुम्ही व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत गेले. पावडर पहिल्या दिवशीच बंद. पहिल्या तीन रात्री घर डोक्यावर घेतलं. काल रात्री बाटली हातात परत देऊन म्हणाला, "हे दूध तू पी." पहाटे दोनला अजून उठतो, पण पेल्याने पाणी पिऊन झोपतो.

दुसरं मत घेतलं. चार पुढच्या दातांना भूल लागेलच, दाढांना ते काळं औषध लावून बघू म्हणाले. गुरुवारी भूलतज्ज्ञांना भेटायचंय. त्यांना काय काय विचारावं, कुणी या वयाच्या मुलाचं करून घेतलं असेल तर लिहा.