अधूनमधून येणारा विद्युत दोष: आधी मोजावे की आधी बदलावे?

('तारतम्य', 'जुने इंजिन' आणि 'शून्य व्होल्ट' या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तारतम्य

स्पोर्ट्स कारमध्ये अधूनमधून येणाऱ्या विद्युत दोषावर ठरलेला सल्ला दिला जातो: सर्व अर्थिंग (वीज बॅटरीकडे परत नेणारे जोड) उघडून घासून घ्या, संशयित रिले (विजेने चालणारा स्विच) बदला, कनेक्टर काढून पुन्हा बसवा आणि मग पाहा. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. कनेक्टर नुसता काढून बसवला तरी पिनांवरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो, दोष काही काळ नाहीसा होतो आणि तो नेमका कोठे होता हे कळण्याची वाट बंद होते. कडक सस्पेन्शन आणि इंजिनाचा कंप यांमुळे कथिलाचा मुलामा असलेल्या पिना एकमेकींवर सतत सूक्ष्मपणे घासत असतात, त्यामुळे तोच थर पुन्हा साचतो आणि दोषही परततो.

दुसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीची आहे. वायरमधील बहुतेक तारा तुटून एखादीच शाबूत राहिली असली, तरी ओहमवर लावलेला मल्टिमीटर जवळपास शून्यच दाखवतो, कारण मोजण्यासाठी तो अत्यल्प प्रवाह सोडतो. त्याच वायरीतून इंधनपंपासाठी ८ अँपिअर जाऊ लागले की ०.२ ओहमचा रोध १.६ व्होल्ट खाऊन टाकतो, आणि एवढा रोध तर कित्येकदा मीटरच्या स्वतःच्या वायरींमध्येच असतो. म्हणून पंप चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची अर्थिंगची पिन यांमधील व्होल्टेज ड्रॉप (वाटेत खर्ची पडणारे व्होल्टेज) मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंगला हात लावण्याचे कारण नाही. अर्धा व्होल्ट असेल तर मीटरची काडी एकेक जोड पुढे सरकवत जावी, दोषाची जागा आपोआप सापडते.

जुने इंजिन

आपले शास्त्र बरोबर आहे, पण ते गाडी उभी असताना शोभते. पोर्शे ९४४ चे उदाहरण घ्या. तिचा डीएमई (इंजिन-नियंत्रण प्रणालीचा) रिले इंजिनाच्या संगणकाला आणि इंधनपंपाला वीज देतो. त्याच्या आतील सोल्डरचे टाके वयोमानाने तडकतात, गरम झाले की जोड सुटतो आणि इंजिन चालता चालता बंद पडते. थोडे थंड झाले की जणू काही घडलेच नाही अशा थाटात गाडी सुरू होते. ही गाडी १९९१ मध्येच बंद झाली, म्हणजे तिचा मूळ रिले आज किती जुना असेल याचा हिशोब करायला मीटर लागत नाही. ओव्हरटेक करताना इंजिन बंद पडण्याची शक्यता असताना दोष रंगेहाथ पकडेपर्यंत तीच गाडी चालवत राहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. ज्ञात दोष असलेला स्वस्त भाग आधी बदलावा, मीटर नंतर काढावा.

तारतम्य

रिले बदलण्यास माझा विरोध नाही. तो बदलल्यावर शोध संपला असे मानण्यास आहे. त्याच गाडीत क्लच हाउसिंगवर इंजिनाचा वेग आणि स्थिती सांगणारे दोन सेन्सर असतात. उष्णतेने त्यांचे आवरण कडक होऊन तडकले की लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. नवा रिले बसवल्यावर गाडी काही दिवस नीट चालली, तर तो रिलेचा गुण की दोषाचा स्वभाव, हे आपण कसे ठरवणार?

यासाठी खर्चाचीही गरज नाही. इंजिन बंद पडते त्या क्षणी गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतील, तर टॅकोमीटरकडे (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरकडे) पाहावे. काटा एकदम शून्यावर कोसळला तर सेन्सर, संगणकाची वीज किंवा इग्निशन यांवर संशय घ्यावा. तो वेगाबरोबर सावकाश उतरला तर इंधनपुरवठा आधी तपासावा. अर्थात, हे निरीक्षण शेजारी बसलेल्याने करावे, चालवणाऱ्याने नव्हे.

रिले काढून त्याच्या जागी वायरचा जंपर लावून गाडी चालवणारेही पाहण्यात येतात. तपासणीपुरते ते ठीक आहे. एरवी इंजिन थांबले की हा रिले पंपाची वीज तोडतो. जंपर असताना अपघात होऊन इंजिन थांबले तरी पंप इंधन ढकलतच राहतो.

शून्य व्होल्ट

दोघांच्याही युक्तिवादात बॅटरी कोठेच नाही, याचे नवल वाटते. स्पोर्ट्स कार बहुधा उभीच असते. अलार्म आणि इतर मॉड्यूल (गाडीतील छोटे नियंत्रक संगणक) थोडी थोडी वीज खात राहतात, आणि मग स्टार्टर फिरवताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले की एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या चार मॉड्यूलचे दोष स्कॅनरवर एकदम झळकतात. असे एकगठ्ठा आलेले कोड पाहून कोणी स्टिअरिंगचे मॉड्यूल बदलत असेल तर कपाळाला हात लावावा लागतो. विश्रांतीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट आणि आल्टरनेटरमधून (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातून) झिरपणारा एसी अर्ध्या व्होल्टच्या आत, एवढे आधी पाहावे. डायोड (एसीचे डीसी करणारा भाग) गेलेला आल्टरनेटर डीसी व्होल्टेज कित्येकदा ठीक दाखवतो आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये मात्र गोंधळ माजवतो.

'तारतम्य' यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. साध्या मल्टिमीटरचा आकडा सेकंदातून मोजक्याच वेळा बदलतो, त्यामुळे क्षणार्धात तुटून जुळणारा संपर्क त्यावर उमटतच नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारे यंत्र) किंवा किमान-कमाल नोंदवणारा मीटर हवा. कॅन बस (मॉड्यूलना एकमेकांशी जोडणारी दोन वायरींची संदेशवाहिनी) असलेल्या गाडीत बॅटरी सोडवून स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम येतात का, हे पाहणेही उपयोगी असते. १२० ओहम आले तर दोन टोकांच्या रोधांपैकी एक सर्किटबाहेर गेलेला असतो. मात्र ज्या गाडीत मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतील जाळे यांमधील दुवा असलेले मॉड्यूल) आहे तिथे हा आकडा पूर्ण जाळ्याविषयी काही सांगत नाही.

जुने इंजिन

बॅटरीबाबत सहमत. अर्थिंगबाबत मात्र मी मागे हटणार नाही. कॉर्व्हेटचे बाह्यांग १९५३ पासून धातूच्या पत्र्याचे नाही, लोटस एलिझचेही नाही. साध्या गाडीत दिवा जवळच्या पत्र्याला अर्थ करता येतो. इथे प्रत्येक दिव्याची परतीची वायर चॅसिसपर्यंत न्यावी लागते आणि एका बोल्टवर अनेक वायरी येतात. तो बोल्ट गंजला की उजवा इंडिकेटर लावल्यावर डावा टेललॅम्प मिणमिणतो, कारण प्रवाह दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतो. असे बोल्ट ठराविक काळाने घासून घट्ट करणे ही देखभाल आहे. तिला निदानाच्या आधी की नंतर हा प्रश्नच लागू होत नाही.

तारतम्य

देखभाल म्हणून जरूर करावे, पण दोष चालू असताना नव्हे. आपल्याच उदाहरणात इंडिकेटर लावून त्या बोल्टवरचा ड्रॉप मोजायला जेमतेम पाच मिनिटे लागतील, आणि दोष बोल्टमध्ये आहे की त्याकडे येणाऱ्या वायरच्या क्रिम्पमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडात), हेही कळेल. घासून बोल्ट चकचकीत होतो, क्रिम्प आतून तसाच राहतो. दोष दिसत नसेल तर हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हळूहळू हलवावा, संशयित भागाला हीट गनने मर्यादित ऊब द्यावी, मीटर मात्र जोडलेलाच ठेवावा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी यातून वगळाव्यात: त्या बहुधा एअरबॅगच्या असतात आणि त्यांवर मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नये.

जुने इंजिन

क्रिम्पचा मुद्दा मान्य. यापुढे बोल्ट घासण्याआधी ड्रॉप लिहून ठेवण्यास हरकत नाही. रिलेबाबत माझे मत कायम आहे: जुना रिले मी आधी काढणार, मग त्याचे आवरण उघडून भिंगाखाली टाके पाहणार. टाक्याभोवती बारीक काळी गोल भेग दिसली तर पुरावा हाती आला, नाही दिसली तर आपले सेन्सर तपासायला घेऊ.